भाऊंच्या घरातली माझी डिस्क

माझ्या गच्चीवरून समोरच्या अभिमनभाऊंच्या गॅलरीत जी काळी वायर जाते, ती केबल टीव्हीची नाही, टेलिफोनची नाही आणि आकडा टाकून घेतलेल्या विजेचीही नाही. हे एक वाक्य मी पंच्याण्णव सालच्या दिवाळीपासून इतक्या लोकांना ऐकवलं, की ते पाटीवर रंगवून गेटला लावावं, अशी सूचना आमच्या यशोदाबाईंनी केली. यशोदाबाई म्हणजे माझी बायको. मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असल्यामुळे सूचना मला विचारार्ह वाटली. पण “मग कशाची?” याचंही उत्तर पाटीवर लिहावं लागलं असतं आणि ते एका पाटीत मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितो.

धुळ्यातल्या आमच्या समाजमंडळाचा मी चिटणीस. मंडळ दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा घेतं आणि त्याआधी सगळ्या मुलामुलींची सूची छापतं. पूर्वी आलेले फॉर्म मी स्वतः हातानं उतरवून छापखान्यात देत असे. माझं अक्षर चांगलं आहे, असं माझं मत होतं. छापखान्याचं वेगळं होतं. मागच्या सूचीत एका मुलाची उंची पाच फूट सहा इंचांऐवजी सहा फूट पाच इंच छापून आली. मुलीकडच्यांनी जावई येणार म्हणून दाराची चौकट वाढवायला घेतली होती म्हणतात.

तेव्हा या वर्षी सूची कॉम्प्युटरवर करायची, असा ठराव झाला. एका बंद पडलेल्या क्लासनं दोन जुने कॉम्प्युटर मंडळाला देणगी दिले. मंडळाला स्वतःची खोली नाही. दोन्ही यंत्रं चिटणीसाच्या घरी ठेवली तर अध्यक्ष रुसणार आणि अध्यक्षांच्या घरी ठेवली तर मी. मी रुसत नाही, पण रुसलो असतो. आमचे अध्यक्ष म्हणजेच समोरचे अभिमनभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. मंडळाचे दोन तुकडे होण्यापेक्षा यंत्रं दोन घरी गेलेली बरी, म्हणून एक माझ्याकडे आलं आणि एक त्यांच्याकडे गेलं.

दुसऱ्याच दिवशी कळलं, की माझ्या यंत्राच्या पोटात डिस्क आहे पण प्रिंटर नाही. भाऊंकडे प्रिंटर आहे पण डिस्क नाही. म्हणजे मी सगळं लिहून ठेवू शकत होतो आणि कोणालाही दाखवू शकत नव्हतो. भाऊ सगळं छापू शकत होते पण त्यांच्याकडे छापण्यासारखं काही नव्हतं. अध्यक्ष आणि चिटणीस यांच्यात हे नेहमीच असं असतं, असं मी म्हणणार होतो. पण म्हटलं नाही.

इथे सुपडू आला. सुपडू आमच्या गल्लीतला जुना रेडिओ मेकॅनिक. रेडिओ गेले तसा तो टीव्ही दुरुस्त करू लागला आणि आता त्याच्या त्याच पाटीवर खाली ‘कॉम्प्युटर’ असं वाढवलेलं आहे. दोन्ही यंत्रं उघडून, पन्नाशीतल्या माणसाला शोभेल इतका वेळ विचार करून तो म्हणाला, “साहेब, मधून एक वायर टाकू. डिस्क तुमच्याच घरात राहील. पण भाऊंच्या मशिनला वाटेल, आपल्याच पोटात आहे.”

“वाटेल म्हणजे?”

“म्हणजे नाही, पण आहे. भाऊ तिच्यावर लिहितील, वाचतील, छापतील. खोटी डिस्क, पण काम खरं.”

सरकारी खात्यात बावीस वर्षं काढल्यामुळे मला हे लगेच कळलं. आमच्याकडे कित्येक बंधारे असेच आहेत.

आता इतक्या घाईचं कारण सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की मला, पितांबरला, हौस होती. हौस होतीच. पण कारण सुनंदा होती. सुनंदा माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची, भिकूबाईची मुलगी. मेहुणे अचानक गेले तेव्हा ती नुकतीच शिरपूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून लागली होती. पाठच्या दोन भावांना तिनं शिकवलं, त्यांना मार्गी लावलं, आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं वय एकतीस झालं. सूचीत आम्ही ते तीन वर्षं एकोणतीसवरच थांबवून ठेवलं होतं. सहा वर्षं तिचं नाव सूचीत येत होतं. बघायला लोक येत, पोहे खात, “कळवतो” म्हणत आणि कळवत नसत. यंदा फॉर्म देताना ती म्हणाली, “मामा, हे शेवटचं. पुढच्या वर्षी नाव टाकू नका. मला आता पोहे करायचा कंटाळा आलाय.” ती हसत म्हणाली, पण मी तिला गुडघ्याएवढी असल्यापासून ओळखतो. यंदाची सूची एकही चूक न होता, वेळेवर, गावोगावी पोचलीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

वायर गल्ली ओलांडून जाणार होती. गल्ली सार्वजनिक. म्हणून मी रीतसर परवानगी मागायला गेलो. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं आहे. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला.

“एका घरातून दुसऱ्या घरात वायर. म्हणजे केबल टीव्ही. करमणूक विभागाचा दाखला जोडा.”

“साहेब, यात करमणूक नाही. यात समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती आहे.”

“पडद्यावर दिसते?”

“दिसते.”

“दुसऱ्या घरातले लोक बसून बघतात?”

“बघतात.”

“मग करमणूक आणखी काय असते?” ते म्हणाले. अर्ज परत करताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. मी स्वतः शेतकऱ्यांच्या अर्जांकडे तसंच पाहतो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी खिडकीच्या त्या बाजूला होतो. तिथे फार ऊन लागतं.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, सूचीत त्यांच्या मेहुण्याचं नाव घेता येईल का. मी म्हटलं, समाज वेगळा आहे. ते म्हणाले, मग वायर कपडे वाळत घालायची दोरी म्हणून बांधा, दोरीला परवानगी लागत नाही. शासनाकडून इतका स्वच्छ सल्ला मला आजवर मिळालेला नाही.

पण तो सल्ला भाऊंच्या पत्नी बेबाबाईंच्या कानावर गेला. वायर लागली त्या दिवशी दुपारी त्यांनी तिच्यावर ओली गोधडी टाकली. वायर गच्चीवरच्या खिळ्यातून निसटली आणि गोधडीसकट माझ्या स्कूटरवर आली. सुपडूनं ती पुन्हा बांधली आणि दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढी एकेक धातूची टोपी बसवली. “या टोप्यांना हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “का, ते विचारू नका. कंपनीनं सांगितलंय.”

संध्याकाळपर्यंत सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं मुकी. सुपडूनं दोन दिवस दोन्ही यंत्रांचे स्क्रू काढून माझ्या पलंगावर मांडून ठेवले. यशोदाबाई मुलांच्या खोलीत झोपायला गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जीवरामआबा आले. आबा गल्लीच्या टोकाला राहतात, वय ऐंशीच्या पुढे, साऱ्या हयातीत दुसऱ्याच्या कामात लक्ष घालण्यात त्यांनी कधी कसूर केलेली नाही.

“पितांबर, हाई काय बांधी राहिना रे?”

“आबा, यातून माहिती जाते. इकडची तिकडे.”

“जास ना? आते बठ्ठी जाई,” आबा समाधानानं म्हणाले, म्हणजे आता सगळी जाईल. “तू तिन्हा तोंडले बूच लाई ठेवेल व्हतं. मी काढी टाकं. तोंड बांधीसन पाटनं पाणी वाहस का?”

आणि त्यांनी बंडीच्या खिशातून ती टोपी काढून माझ्या हातावर ठेवली. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. पाटाचं तोंड बंद करून पाणी वाहत नाही, हे मला नाकारता येईना. सुपडूनं टोपी पुन्हा बसवली आणि यंत्रं सुरू झाली. आबांचा तेव्हापासून विज्ञानावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

खरा त्रास पुढे होता. भाऊंच्या पडद्यावर माझी डिस्क त्यांची म्हणून दिसू लागली आणि आठवड्याभरात भाऊंनाही ती तशीच दिसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, “माझ्या डिस्कमध्ये साडेचारशे मुलंमुली आहेत.” मी समोर उभा असलो तरी सांगत. मी ऑफिसला जाताना यंत्र बंद केलं, की भाऊ पाठोपाठ फाटकाशी. “पितांबर, माझी डिस्क का बंद केलीस?” एकदा मी आंघोळीला बसलो असताना लाईट गेली, आणि त्यांनी न्हाणीच्या दाराशी येऊन मला तिचा जाब विचारला. साबण लावलेल्या अवस्थेत माणसाला मालकी हक्कावर फार बोलता येत नाही. मी म्हटलं, “येते भाऊ, थांबा.” शेवटी त्यांनी तक्रार केली, की माझी डिस्क हळू चालते, तुझ्या घरात काहीतरी दोष असावा.

माणूस वाईट नाही हो. तीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला. खडू हातात असला की फळा आपलाच, ही सवय जाता जात नाही.

मग एके दिवशी मी पहिल्या शंभर जणांची माहिती पडद्यावर वाचायला घेतली. एका मुलीचं शिक्षण ‘पाच फूट दोन इंच’ होतं. एका मुलाच्या मामाचं गाव ‘गोरा’ होतं. दोंडाईच्याच्या एका सालस पदवीधराला तीन एकर केळी आणि ‘नाकीडोळी नीटस’ असा व्यवसाय होता. मी ओरडलो तो थेट समोर ऐकू गेला असावा, कारण भाऊही त्याच वेळी गॅलरीत आले. त्यांच्या पडद्यावरही तेच होतं. असणारच, डिस्क एक होती.

सुपडूनं निदान केलं. “तुम्ही दोघं एकाच वेळी लिहीत होता का?”

“म्हणजे काय? मी दुरुस्त्या करत होतो,” मी म्हटलं.

“मीही दुरुस्त्याच करत होतो,” भाऊ म्हणाले. “ह्याच्या दुरुस्त्यांच्या.”

“तिथेच घोळ झाला. मशिनला दोन मालक कळत नाहीत. दोघांनी एकदम लिहिलं की अर्धं तुमचं बसतं, अर्धं त्यांचं. एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारा प्रोग्राम मिळतो, पण तो पुण्याहून आणावा लागेल.”

मेळाव्याला पंधरा दिवस उरले होते. पुण्याहून काहीही पंधरा दिवसांत येत नाही. मार्ग काढला तो ओट्यावर बसलेल्या आबांनी, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“हिर एक, भाऊ दोन, आन् पाळी नही? मंग डोकाच फुटतीन.”

आणि खरंच की. आमच्या गावी सामाईक विहिरीवर भाऊभाऊ पाळी लावूनच पाणी घेतात. ज्याची पाळी त्याची मोटर, दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही. साऱ्या खानदेशाला जे ठाऊक आहे ते त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. आम्ही ताबडतोब पाळी बसवली. खूण म्हणून एक टॉवेल ठरला, हिरव्या काठाचा. ज्याच्या गॅलरीत टॉवेल त्याची पाळी. काम झालं की टॉवेल समोरच्या घरी नेऊन द्यायचा आणि हात लावायचा नाही. सुपडू म्हणाला, पुण्याच्या प्रोग्राममध्येही दुसरं काही नसतं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

बारा दिवस टॉवेल गल्ली ओलांडत राहिला. घोळ झालेले शंभर फॉर्म आम्ही पेटीतून काढून पुन्हा लिहिले. मी पत्ते तपासायचो, भाऊ शुद्धलेखन. भाऊंचा सगळ्यात जास्त वेळ एकाच नोंदीवर जाई. तो त्यांचा पुतण्या, बदलीच्या सरकारी नोकरीतला. त्याच्या अपेक्षा भाऊंनी स्वतः लिहिल्या होत्या आणि रोज सुधारत होते. तेवढ्या एका नोंदीपायी टॉवेल दोनदोन तास त्यांच्याकडे अडकून पडे.

शेवटच्या दिवशी मी ऑफिसातून आलो, तर माझ्या गॅलरीत टॉवेल होता. मी चहासुद्धा न घेता बसलो आणि राहिलेल्या ओळी सारख्या करून टाकल्या. सुनंदाची नोंद मी त्या दिवशी खास उघडून पाहिली, नाव, गाव, शिक्षण सगळं नीट होतं. समोर प्रिंटर कुरकुरू लागला, तेव्हा भाऊ माझं काम संपायची वाट पाहत होते आणि आता छापत आहेत, असं मी समजलो. कागद त्याच संध्याकाळी छापखान्यात गेले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी हजार प्रती आल्या. सुनंदा दुपारीच शिरपूरहून आली होती. मी आत हातपाय धूत होतो, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत यशोदाबाईंचा आवाज फुटला. “अहो, हे काय छापलंय?”

क्रमांक दोनशे बारा. कुमारी सुनंदा, शिक्षिका. आणि खाली :

‘अपेक्षा – स्वयंपाक उत्तम आला पाहिजे. बदली होईल तिथे सोबत यावे लागेल. घरकामाची आवड हवी. वडीलधाऱ्यांना उलट बोललेले चालणार नाही.’

या भाऊंच्या पुतण्याच्या अपेक्षा होत्या. पुतण्याचा क्रमांक दोनशे अकरा. त्याच्यापुढे माझ्या सुनंदाची अपेक्षा छापली होती : ‘अनुरूप.’

मी तसाच ओल्या पायांनी समोर गेलो. भाऊ शपथेवर सांगत होते, की त्या संध्याकाळी टॉवेल त्यांच्या गॅलरीत होता. मी शपथेवर सांगत होतो, की माझ्या. दोघंही खरं बोलत होतो. उन्हाळ्यात एका लग्नात आम्हा दोघांना मानपानात टॉवेल-टोपी मिळाली होती. यजमानांनी टॉवेल गठ्ठ्यानं घेतले होते, सगळे हिरव्या काठाचे. त्यातला भाऊंचा बेबाबाईंनी धुऊन त्यांच्या गॅलरीत वाळत टाकला होता. त्या दिवशी गल्लीत डोकावलो असतो तर आबांच्या ओट्यावरही एक पाळी दिसली असती, कारण त्या लग्नाला आबाही होते.

मी घरी आलो तेव्हा सुनंदा सूची हातात घेऊन हसत होती. डोळ्यांना पदर लावून हसत होती. मला ते बघवेना.

“सुने, घाबरू नको. मी आजच शुद्धिपत्रक काढतो. प्रत्येक प्रतीत चिठ्ठी घालतो. ‘अपेक्षा अनुरूप असे वाचावे.’”

तिनं हसू थांबवलं. “मामा, सहा वर्षं तुम्ही हेच लिहीत आलात ना? अनुरूप?”

“हो.”

“म्हणजे काय हो?”

सहा वर्षांत मी तिची जन्मवेळ तीनदा विचारली होती, रक्तगट विचारला होता, पगाराची श्रेणी विचारली होती. तुला काय हवं, हे एकदाही विचारलं नव्हतं. फॉर्मवर ती जागा मी स्वतःच भरून टाकत असे, खात्यात ‘निरंक’ भरतो तशी. मला मनापासून लाज वाटली. भाच्यांसाठी जीव टाकणारा मामा म्हणून मी स्वतःला ओळखत होतो, आणि तिची एक ओळसुद्धा मी तिला लिहू दिली नव्हती.

“चिठ्ठ्या काढू नका,” ती म्हणाली.

“अगं, उद्या दोंडाईच्याला मेळाव्यात हजार माणसं असतील. लोक हसतील.”

“हसू द्या. गेली सहा वर्षं कोणी हसलंसुद्धा नाही.”

तरी मी चिठ्ठ्या काढल्या. लिपिक आहे मी, चूक दिसली की हात आपोआप शाईकडे जातो. रात्रीत जमल्या तेवढ्या पाचशे चिठ्ठ्यांचा गठ्ठा सदऱ्याच्या खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसलो. भाऊ वाटेत म्हणाले, “दे, मी दारात उभा राहून वाटतो.” आणि मंडपात शिरतो तो मुलींचे तीन बाप हातात सूची धरून भाऊंच्या पुतण्याची चौकशी करत उभे. एवढा शिकलेला मुलगा आणि एकच शब्द अपेक्षा, काय साधी माणसं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाऊंनी तो गठ्ठा मला परत दिला. “राहू दे पितांबर. छापील शब्दाला मान असतो.”

नोंदी वाचायला माइकवर मीच होतो. प्रत्येकानं मंचावर यायचं, चिटणीसानं नोंद वाचायची, मग पुढचा. दोनशे बाराला सुनंदा वर आली. नेहमीची बदामी साडी. खिशात चिठ्ठ्या, हातात सूची. मी नाव वाचलं, गाव वाचलं, शिक्षण वाचलं. वय एकतीस वाचलं, छापलेलं एकोणतीस होतं तरी. मग अपेक्षेशी थांबलो. सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, आणि तिचे दोन्ही हात पदर धरून होते. तेव्हा मला कळलं, की काल ती जे म्हणाली ते निभावायला तिला रात्रभर धीर गोळा करावा लागला असणार, आणि मी चिठ्ठी वाचली तर तो वाया जाईल.

मी छापलेलं वाचलं. चारही वाक्यं, सावकाश.

आधी मागच्या खुर्च्यांत हसू आलं, मग पुढच्या. पुढाऱ्यांच्या रांगेतून कोणी तरी “चिटणीससाहेब, छपाईची चूक!” असं ओरडलं. सुनंदानं माझ्या हातातून माइक घेतला.

“चूक नाही,” ती म्हणाली. आवाज थोडा कापला आणि मग वर्गातल्यासारखा स्वच्छ झाला. “छापलंय ते बरोबर आहे. फक्त शेवटची ओळ काढा. वडीलधाऱ्यांना उलट बोललं तरी चालेल. मी पण बोलते.”

हसू वाढलं, पण आता ते वेगळं होतं. बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या. आणि मागे, खांबाजवळ, एक उंच, सावळा, कानांवर पांढरे केस आलेला माणूस उभा राहिला. दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर, नाव पंडित, वय छत्तीस, मला नोंद पाठ होती.

“भरीत येतं,” तो म्हणाला. “कळण्याची भाकरी येते. आई अंथरुणाला होती तेव्हा सात वर्षं मीच करायचो. पोळ्या वाकड्या होतात. चालेल का?”

सगळा मंडप सुनंदाकडे वळला.

“वाकड्या चालतील,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी पंडित आमच्या घरी आला, एकटाच, हातात वांग्यांची पिशवी. रीतीप्रमाणे मी त्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. तो दोन मिनिटं बसला, मग म्हणाला, “काकू, शेगडी कुठे आहे?” आणि आत गेला. बाहेर मी, भाऊ आणि सुनंदा. सुनंदा मला म्हणाली, “मामा, ताठ बसा, आपण बघायला आलोय.” आतून वांगी भाजल्याचा वास आला, मिरची ठेचल्याचा आवाज आला, आणि यशोदाबाई दारात येऊन मला खुणेनं सांगून गेल्या, की त्यानं ओटा पुसलासुद्धा.

बदलीचं काय करायचं, ते त्याला ठरवता येत नव्हतं. केंद्र सोडून येता येत नाही, तो ताट वाढताना सरळ म्हणाला, पण तुम्ही तिथे आणि मी इथे असं किती दिवस, याचा विचार तुमच्यासोबत बसून करू. सुनंदानं मान हलवली. “करू,” एवढंच म्हणाली.

मग तिनं घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. यशोदाबाईंनी हातातली वाटीसुद्धा खाली ठेवली नाही. बाहेरच्यांपुढे सुनंदा कधी घरच्या बोलीत बोलत नाही. शाळेतलं शुद्ध मराठी बोलते, सहा वर्षं सगळ्या पाहुण्यांपुढे तेच बोलली होती.

घास गिळून ती म्हणाली, “मीठ कमी शे.”

तो उठला. “टाकस ना,” म्हणाला आणि मिठाची बरणी आणायला आत गेला.

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही तो घालत नव्हते.